डेस्कटॉप-परिवेशाचा पालट व तज्जन्य बिघाडांचे निदान

लिनक्स हे नाव वस्तुतः संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे होय. पडद्यावरील खिडक्या, पट्ट्या व चिन्हे यांची व्यवस्था पाहणारा आज्ञावलींचा समुच्चय त्याहून निराळा असून त्यास डेस्कटॉप-परिवेश म्हणतात. १९९६ साली माटियास एट्रिख यांनी केडीई हा प्रकल्प घोषित केला. त्यास आधारभूत असलेल्या क्यूट या संग्रहाचा परवाना त्या काळी मुक्त नव्हता. म्हणून १९९७ साली मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. तेव्हापासून वापरणाऱ्यास निवडीची मुभा आहे.

दुसरा परिवेश स्थापित केला की लॉगिनच्या पडद्यावरील यादीत त्याचे नाव येते व ते निवडून प्रवेश करता येतो. मात्र येथे जुना परिवेश जाऊन नवा येतो, असे नव्हे. दोन्ही शेजारी नांदतात, आणि दोहोंच्या सेटिंग्ज बव्हंशी वापरणाऱ्याच्या होम फोल्डरातील 'डॉट-कॉन्फिग' या एकाच अदृश्य फोल्डरात साठतात. कोणती फाईल कशात उघडावी आणि प्रवेशासरशी कोणत्या आज्ञावली सुरू व्हाव्यात, या नोंदी तर उभयतांना समाईक असतात. एकात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो, तो यामुळे.

तेव्हा बिघाड उद्भवल्यास पहिला प्रश्न हा की, दोष प्रणालीचा की वैयक्तिक सेटिंग्जचा? याची कसोटी सोपी आहे. वापरणाऱ्याचे एक नवे खाते उघडून त्यातून तोच परिवेश चालवून पाहावा. तेथे तो सुरळीत चालल्यास दोष बहुधा सेटिंग्जचा समजावा. अशा वेळी कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून अक्षर-पडद्यावर जावे व डॉट-कॉन्फिगचे नाव बदलावे. तो पुसून टाकू नये; इतर आज्ञावलींच्या सेटिंग्जही त्यातच असतात. पुनः प्रवेश करताच परिवेश नवे सेटिंग निर्माण करतो. जुन्यातील आवश्यक ते मागाहून एकेक करून परत आणावे. नव्या खात्यातही दोष दिसल्यास मात्र लॉगिन-व्यवस्थापक, अपुरी पॅकेजे वा ग्राफिक्स ड्रायव्हर यांकडे वळावे.

परवलीचा शब्द बिनचूक असूनही लॉगिनचाच पडदा परत येत असेल, तर डिस्कवर जागा उरली आहे काय, आणि होम फोल्डरातील फाइलींची मालकी चुकून रूट खात्याकडे गेली आहे काय, हे प्रथम पाहावे. नको असलेला परिवेश काढतानाही काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचल्यावाचून संमती देऊ नये; समाईक घटक त्याबरोबर जाण्याचा संभव असतो.

प्रबंधलेखन ऐन भरात असता पडदा काळा पडला म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्याने स्थापण्याचा मोह होतो, आणि त्या घाईत डिस्कवरील वर्षानुवर्षांची टिपणे नाहीशी होऊ शकतात. वस्तुतः पडदा गेला तरी फाइली बहुधा जागच्या जागी असतात. म्हणून आधी त्यांची प्रत अन्यत्र काढावी, मग निदान करावे, उपचार त्यानंतरचा.