ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि वाढता रक्तदाब

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ हे गाव आहे. १९५६ सालापर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता; आज तो तेलंगणात मोडतो. सीमेलगतच्या या भागात मराठी बोलणारी घरे आहेत, आणि ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण हे त्यांच्या ओळखीचे अन्न आहे. अशा एखाद्या घरातील कर्त्या माणसाचा रक्तदाब वाढला की कोणी आप्त शहरातून अमिनो आम्लांच्या भुकटीचा डबा घेऊन येतो. अंगात शक्ती येईल आणि रक्तदाबही उतरेल, असे तो मोठ्या विश्वासाने सांगतो. या सांगण्यात खरे किती आणि घाईचे किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम अमिनो आम्ल म्हणजे काय, हे पाहू. आपण खातो ती प्रथिने पोटात गेल्यावर सुटी होतात, आणि त्यांतून जे घटक निघतात, ती अमिनो आम्ले. माळेतून मणी ओघळावेत तसाच हा प्रकार. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. लायसिन हे त्यांपैकी एक. ज्वारीत लायसिन कमी असते, तर तुरीत ते भरपूर असते. उलट, डाळीत जे उणे असते त्याची भर धान्य घालते. भाकरीबरोबर वरण खाण्याच्या जुन्या रिवाजात अशी परस्परांची पूर्तता आहे.

परंतु अमिनो आम्ल अन्नातले आहे म्हणून ते कितीही घ्यावे, असे मात्र नाही. याचा दाखला ज्वारीनेच दिला आहे. दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. त्यात उन्हाने हात व मान काळवंडून कातडी सोलवटते. त्याचा अभ्यास करून डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की, ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल फार असल्यामुळे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कार्यात बाधा येत असावी. पुढे या मतावर वादही झाले. तथापि अमिनो आम्लांत समतोल महत्त्वाचा असतो, हा विचार त्यातून पुढे आला.

आता रक्तदाबाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला म्हणजे त्या झिजतात; आणि मूत्रपिंड अधू झाले म्हणजे मीठ व पाणी शरीरात साठून रक्तदाब आणखी चढतो. असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडण्यास अमिनो आम्ले उपयोगी पडतील काय, हा शास्त्रज्ञांपुढील प्रश्न आहे.

त्याला आशादायक उत्तरेही मिळाली आहेत. मीठ खाताच ज्यांचा रक्तदाब चढतो असे उंदीर अमेरिकेत लुईस डाल यांनी पैदा केले होते. त्या जातीच्या उंदरांना खारट आहाराबरोबर लायसिन दिले असता त्यांच्या मूत्रपिंडांची हानी पुष्कळच टळली आणि रक्तदाबही कमी चढला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दुसरे अमिनो आम्ल आर्जिनिन. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात. एकूण ३८७ व्यक्तींवरील ११ चाचण्यांचा एकत्र विचार २०११ साली झाला, तेव्हा आर्जिनिनने वरचा रक्तदाब सरासरी सुमारे पाच अंकांनी उतरल्याचे आढळले.

मात्र या नाण्याला दुसरी बाजू आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या १५३ रुग्णांवर आर्जिनिनची चाचणी झाली. तिचा वृत्तान्त २००६ साली प्रसिद्ध झाला. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले. नुसती बिनऔषधी पूड घेणाऱ्यांत एकही मृत्यू झाला नाही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. लायसिनही शिरेतून मोठ्या मात्रेत दिले असता उंदरांच्या मूत्रपिंडांस इजा झाल्याचे जुन्या प्रयोगांत आढळले आहे. शिवाय प्रथिनांचा भार वाढला की गाळण्यांवरील कामाचा ताण वाढतो. निरोगी मूत्रपिंड तो सोसते, अधू मूत्रपिंडास तो जड जातो. म्हणून उंदरावर जे साधले ते माणसास लागू पडेलच, असे मानून डबा उघडणे धोक्याचे होय.

मग माणसाने करावे काय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या माणसास ती सुमारे पन्नास ग्रॅम झाली. तीनशे ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि नव्वद ग्रॅम तूरडाळ यांतून जवळजवळ तेवढी मिळतात. त्यावर दूध वा ताक वेगळेच. याच परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला आहे. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्याने तर वरणाचे प्रमाणदेखील डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खरा शत्रू बहुधा ताटाच्या कडेला असतो. लोणचे, पापड, ठेचा आणि वरून घेतलेले मीठ मिळून दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोडियम कमी केलेल्या मिठात पोटॅशियम असते. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने तेही विचारल्याविना घेऊ नये.

रक्तदाब दुखत नाही, आणि म्हणूनच तो फसवतो. चाळिशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. तो वाढलेला आढळल्यास लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. गोळ्या सुरू असतील तर बरे वाटले म्हणून त्या बंद करू नयेत. डब्यावर खर्च होणारा पैसा या तपासण्यांवर खर्च झाला, तर मूत्रपिंडे वेळीच वाचण्याचा संभव अधिक आहे.