टी.व्ही. रुसला तर?

ऐन रंगात आलेला टी.व्ही. एकाएकी थांबला, म्हणजे घरात तत्काळ तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. त्यांचे मत असे की, मुलांनी काहीतरी दाबले. दुसरा मुलांचा; त्यांचे मत असे की, आजोबांनी काहीतरी दाबले. तिसरा पक्ष गृहिणीचा. तिचे म्हणणे इतकेच की, कोणी का दाबले असेना, दरमहा पैसे जातात ते कशासाठी? हा वाद चालू असता पडद्यावरचे ते वर्तुळ मात्र शांतपणे गोल फिरत असते.

भिवंडीत आमच्या आळीत अशा वेळी मला बोलावणे येते. मी तंत्रज्ञ नव्हे. पण गेल्या चार-पाच वर्षांत इतक्या घरचे टी.व्ही. पाहिले की, त्यांची ठरावीक दुखणी आता मला ओळखू येतात. बहुतेकांना वैद्य लागत नाही, घरचा काढा पुरतो. मात्र कोणत्या दुखण्याला कोणता काढा, हे ठाऊक हवे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे चित्र बिघडले की, एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, "आलं, आलं! अहो, गेलं पुन्हा!" तेव्हा दोष डोळ्यांना दिसत असे. आता चित्र इंटरनेटवरून येते. कंपनीचा संगणक, तिथून आपल्या घरापर्यंतची लाइन, घरातला वाय-फायचा डबा, टी.व्ही. आणि त्यातले ॲप, एवढ्या कड्या एकीत एक अडकवलेल्या असतात. त्यांतली कोणती सुटली, ते बाहेरून कळत नाही.

आमचे गाव यंत्रमागांचे. मागाचा बाणा तुटला, तर कारागीर सगळा माग उलगडून बसत नाही. धागा कुठे तुटला ते आधी पाहतो, तेवढाच जोडतो आणि माग पुन्हा चालू करतो. टी.व्ही.लाही हाच न्याय लावावा.

चार प्रश्न

पहिला प्रश्न: त्याच टी.व्ही.वर दुसरे एखादे ॲप चालते का? चालत असेल, तर लाइन ठीक आहे. दोष त्या एका ॲपात आहे. दुसरा: काहीच चालत नसेल, तर त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का? या वेळी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा, नाहीतर तो खोटी साक्ष देतो. मोबाइल चालत असेल, तर दुखणे टी.व्ही.चे. तिसरा: मोबाइलही चालत नसेल, तर डब्यावरचा तांबडा दिवा लागला आहे का? लागला असेल, तर बहुधा लाइनच तुटलेली; केबलवाल्याला फोन करावा. आणि चौथा प्रश्न सर्वांत सोपा: शेजाऱ्यांकडे ते ॲप चालते का?

या शेवटच्या प्रश्नाला कमी लेखू नये. टी.व्ही.ला जोडावयाचे गूगल कंपनीचे क्रोमकास्ट नावाचे यंत्र आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीतली यंत्रे ९ मार्च २०२५ च्या सुमारास जगभर एकदम अडली. कारण काय, तर त्यांतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती! यंत्र पुसून कोरे करू नका, असे कंपनीनेच कळवले आणि काही दिवसांत दुरुस्तीही घरबसल्या पोहोचवली. ज्यांनी घाईने यंत्र आधीच कोरे केले, त्यांच्या वाट्याला जास्त खटपट आली. तात्पर्य, सगळ्यांचेच बंद असेल, तेव्हा स्वस्थ बसणे हाच उपाय.

घरचे काढे

वीज जाऊन आली म्हणजे सगळे डबे एकदम जागे होतात आणि गोंधळ उडतो. अशा वेळी टी.व्ही.चा प्लग काढून ठेवावा. आधी वाय-फायचा डबा सुरू करावा, दोन-तीन मिनिटे थांबावे, मग टी.व्ही. लावावा. रिमोटने बंद केलेला टी.व्ही. बहुधा नुसता डुलक्या घेत असतो. प्लग काढून मिनिटभर थांबले, तरच त्याची खरी झोप होते. निम्मी दुखणी एवढ्यानेच पळतात.

त्यानंतर टी.व्ही.चे घड्याळ पाहावे. तारीख चुकली असेल, तर कंपनीचे धडधाकट प्रमाणपत्रही टी.व्ही.ला शिळे वाटते आणि तो दारातूनच परत पाठवतो.

चित्र मधूनमधून थांबत असेल, तर ते येते कसे, हे ध्यानात घ्यावे. ते काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते आणि टी.व्ही. पुढचे तुकडे पिंपात पाणी भरावे तसे साठवून ठेवतो. नळ बारीक आणि खर्च मोठा, म्हणजे पिंप रिकामे. मग वर्तुळ फिरू लागते. क्रिकेटच्या सामन्यात केबलवाल्या शेजाऱ्यांचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि षटकार आपल्याला मागाहून दिसतो, तोही या साठवणीमुळेच. तो बिघाड नव्हे.

नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे १०८० रेषांच्या उत्तम चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट वेग पुरतो आणि फोर-के चित्राला १५. घरी ५० मेगाबिटची लाइन असूनही चित्र अडत असेल, तर नळ बाहेर मोठा आणि आत चेपलेला आहे, असे समजावे. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड. त्यात कित्येक घरी वाय-फायचा डबा लोखंडी कपाटामागे लपवलेला! तो मोकळ्यावर, उंचावर ठेवावा. डबा दोन लहरींवर बोलतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकणारी, २.४ ची लांब पोचणारी, पण गर्दीची. मायक्रोवेव्ह भट्टीही याच २.४ च्या आसपास चालते. म्हणून तिकडे करंज्या गरम होताना इकडे नायिका थिजते. टी.व्ही. त्याच खोलीत असेल, तर ५ ची लहर निवडावी. त्याहून उत्तम म्हणजे सरळ तार जोडावी.

एकच ॲप रुसले असेल, तर सेटिंग्जमध्ये त्याची 'कॅश' पुसावी. त्याने नुसता केर निघतो. 'डेटा' पुसला, तर मात्र पासवर्ड पुन्हा घालावा लागतो. तो कोणाला आठवतो, हे आधी विचारून घ्यावे. नंतर ॲपची नवी आवृत्ती घ्यावी. टी.व्ही. फार जुना असेल, तर कंपन्या त्याचा हात सोडतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या संचांवरची आपली सेवा थांबवली होती. अशा वेळी नवा टी.व्ही. घेण्याची गरज नसते. मागे लावण्याची एक काडी पुरते.

आणि वर्गणी? १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाण्याला ग्राहकाची नोंदवलेली संमती लागते. कार्ड बदलले की संमतीची कडी निखळते, आणि दोष बिचाऱ्या टी.व्ही.वर येतो.

खरे संकट

इथवरचे सगळे बिघाड संध्याकाळ खराब करणारे. याहून मोठी गोष्ट पुढेच आहे.

आमच्या पलीकडच्या काकू एकट्या राहतात. मुलगा परदेशी. संध्याकाळची मालिका हीच त्यांची सोबत. एकदा ॲप उघडेना. मला तिसऱ्यांदा बोलवायचा त्यांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधून 'ग्राहक सेवे'चा एक नंबर काढला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "मावशी, फक्त दहा रुपये भरा आणि मी सांगतो ते ॲप घ्या," म्हणाला. त्या ॲपचे इंग्रजी नाव वाचता येईना, म्हणून काकू मोबाइल घेऊन माझ्या दारात आल्या. ते ॲप त्यांचा सगळा पडदा त्या माणसाला दाखवणारे होते, बँकेचे आकडेसुद्धा! फोन तिथेच बंद केला. काकूंच्या मोबाइलमध्ये नवऱ्याच्या पेन्शनचे खाते होते.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मदतीचा नंबर ॲपच्या आतच शोधावा, बाहेर नव्हे. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

पण मूळ दुखणे त्या संकोचाचे होते. घरातली ही विद्या एकट्या धाकट्या पोराच्या मुठीत असते. तो नोकरीला गेला की म्हातारी माणसे अडतात, आणि पुन्हा पुन्हा विचारल्यास "अगं आई, किती वेळा सांगू?" हे उत्तर ठरलेले. हे उत्तर टाळण्यासाठीच माणूस परक्याला फोन करतो.

यंदा दिवाळीला मुले घरी आली म्हणजे त्यांच्याकडून एक काम करून घ्यावे. वरचे चार प्रश्न मोठ्या मराठी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून टी.व्ही.मागे चिकटवावेत, खाली केबलवाल्याचा आणि एका हक्काच्या शेजाऱ्याचा नंबर. मग मुलाने हात पाठीमागे बांधून बसावे आणि आईला सगळे तिच्या हाताने एकदा करू द्यावे. काकूंच्या घरी असा पुठ्ठा लागला आहे. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याच घरचा टी.व्ही. दुरुस्त करून दिला.