हॉटशॉट मालमोटारीचे घड्याळ

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात खनिज तेलाच्या विहिरी खोदण्याचे काम रात्रंदिवस चालू असते. अशा एखाद्या विहिरीवर पंपाचा एखादा भाग निकामी झाला, की तेवढ्यासाठी सारे यंत्र थांबते, कामकरी स्वस्थ बसून राहतात आणि मालकाचे दिवसाला हजारो डॉलर वाया जातात. हवा असलेला भाग असतो जेमतेम टनाभर वजनाचा. पण तो पडलेला असतो पाच-सहाशे मैल दूर, ह्यूस्टन शहरातील एखाद्या गुदामात. एवढ्याशा मालासाठी अठरा चाकांची अजस्र मालमोटार केव्हा भरेल आणि केव्हा निघेल, याची वाट पाहत बसणे परवडत नाही. ही निकड भागविण्यासाठी दणकट पिकअप मोटारीला लांब, सपाट ट्रेलर जोडून थोडा माल ताबडतोब पोहोचविण्याचा एक धंदा या तेलक्षेत्रात १९७० नंतरच्या दशकात रूढ झाला, असे सांगतात. त्याला तिकडे ‘हॉटशॉट’ असे नाव आहे. आज तो तेलापुरता राहिलेला नाही. शेतीची अवजारे, बांधकामाची यंत्रे, मोटारी, लोखंडी तुळया असा नाना प्रकारचा माल या गाड्यांवरून देशभर जातो.

या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस बहुधा एकटा असतो. गाडी कर्जाने घेतलेली, विम्याचा हप्ता भारी, आणि चालक, मालक, कारकून व हमाल या चारही भूमिका त्याच्या एकट्याच्या. ‘ताबडतोब’ हा शब्द विकण्यासाठीच आपण येथे आलो आहोत, अशी त्याची समजूत असते. त्यामुळे वेळेचा प्रश्न हा वेगाचा प्रश्न आहे, असे तो धरून चालतो. वस्तुतः वेगाने मिळणारा वेळ फार थोडा असतो. पाचशे मैलांच्या प्रवासात ताशी ६५ ऐवजी ७० मैलांनी गाडी हाकली, तर वाचतो अर्धा-पाऊण तास. तेवढाच वेळ एखाद्या गुदामाच्या फाटकापाशी रांगेत सहज निघून जातो. नव्या माणसाला खरा हिशोब करावा लागतो तो कायद्याने नेमून दिलेल्या तासांचा.

गाडी लहान असल्यामुळे मोठ्या मालमोटारींचे नियम आपल्याला लागू नाहीत, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. गाडी आणि ट्रेलर यांची मिळून ठरलेली वजनमर्यादा दहा हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोंच्या वर गेली आणि माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागला, की संघराज्याचे कामाच्या तासांचे नियम लागू होतात. सव्वीस हजार पौंडांची मर्यादा ओलांडली आणि ट्रेलरही दहा हजार पौंडांहून जड असला, तर वेगळा परवाना घ्यावा लागतो. पुष्कळ नवे लोक हा परवाना टाळण्यासाठी त्या मर्यादेच्या आत राहतात आणि तासांचे नियमही टळले, असे मानतात. ते टळलेले नसतात.

हे नियम तीन घड्याळांप्रमाणे एकाच वेळी चालतात. सलग दहा तास विश्रांती झाल्यावर चालकाला जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकता येते, हे पहिले. कामाला हात लावल्यापासून चौदा तासांनंतर त्या दिवशी गाडी हाकता येत नाही, हे दुसरे. आणि जो आठवड्याचे सातही दिवस धंदा चालू ठेवतो, त्याला कोणत्याही सलग आठ दिवसांत कामाचे सत्तर तास भरल्यावर गाडी हाकण्यास मनाई होते, हे तिसरे. शिवाय हाकण्याचे आठ तास भरल्यावर पुढे जाण्यापूर्वी सलग अर्धा तास गाडी उभी राहिली पाहिजे. भारतात १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला, त्यात सामान्यतः दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. तिच्याशी तुलना करता अमेरिकेतील अकरा तास उदार वाटतील. पण त्या उदारपणात एक मेख आहे, आणि ती आहे दुसऱ्या घड्याळात.

चौदा तासांचे हे घड्याळ एकदा सुरू झाले, की थांबत नाही. चालक जेवला, पेंगला, गुदामाच्या आवारात दोन तास नुसता बसून राहिला, तरी ते चालूच राहते. पूर्वी असे नव्हते. २००४ सालापूर्वीच्या नियमांत कामाचे पंधरा तास मोजले जात आणि मधल्या सुटीचा वेळ त्यातून वजा होई. त्या सवलतीमुळे चालकाचा दिवस अठरा-अठरा, वीस-वीस तास लांबे आणि झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तो रात्री उशिरा गाडी हाकीत राही. चौदा तासांचा नियम त्यासाठी आला. तो कडक आहे, आणि तो असावयासच हवा. मात्र तो पाळावयाचा, तर घड्याळ केव्हा सुरू करावयाचे, हे फार विचारपूर्वक ठरवावे लागते.

एक उदाहरण घेतले, तर हे अधिक स्पष्ट होईल. ह्यूस्टनहून न्यू मेक्सिको राज्यातील हॉब्ज या तेलक्षेत्रातील गावी माल न्यावयाचा आहे. अंतर पावणेसहाशे मैलांच्या आसपास, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर. दलालाने सांगितले आहे, ‘माल सकाळी सातला तयार असेल, हॉब्जला रात्री आठपर्यंत पोहोचला पाहिजे.’ नवा चालक उत्साही असतो. तो पहाटे उठतो, सहा वाजता गाडीची तपासणी करून कामाची नोंद करतो आणि जवळच्याच गुदामाच्या दारात सातच्या आधी हजर होतो. तेथे कळते, की क्रेन दुसरीकडे गुंतली आहे. माल गाडीवर चढून साखळ्या आवळून होईपर्यंत दहा वाजतात. आता ताशी सरासरी ५५ मैल धरले, तर हाकण्याचे सुमारे साडेदहा तास आणि अर्धा तास विसावा, असे अकरा तास लागणार. दहात अकरा मिळविले, की रात्रीचे नऊ. परंतु न्यू मेक्सिकोतील घड्याळे ह्यूस्टनच्या घड्याळांपेक्षा एक तास मागे असतात. म्हणजे हॉब्जला तेव्हा आठच वाजलेले असणार. दलालाचा शब्द राखला गेला, अकरा तासांचीही मर्यादा सांभाळली गेली, असे म्हणून तो समाधानाने निघतो.

चूक येथेच आहे. चालकाची नोंद त्याच्या मूळ ठाण्याच्या वेळेप्रमाणे चालते. तो कोणत्याही राज्यात गेला, तरी ती बदलत नाही. सकाळी सहाला सुरू झालेले चौदा तासांचे घड्याळ ह्यूस्टनच्या आठ वाजता संपते, आणि तेव्हा तो हॉब्जपासून पन्नास-पंचावन्न मैलांवर, अंधारात, उघड्या माळावर असतो. पुढचा एक तास त्याने गाडी हाकली, तर तो बेकायदेशीर होतो. आणि हे लपण्यासारखे राहिलेले नाही. २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक गाड्यांत विद्युत् नोंदयंत्र बसविणे सक्तीचे झाले. गाडीने ताशी पाच मैलांचा वेग गाठला, की ते यंत्र आपण होऊन ‘हाकणे चालू’ अशी नोंद करते. पूर्वीच्या कागदी वहीत पेन्सिलीने तास मागे-पुढे करण्याची जी सोय होती, ती गेली. रस्त्यावरील तपासणीत मर्यादा ओलांडल्याचे आढळले, तर पुरती विश्रांती होईपर्यंत गाडी आहे तेथेच उभी करावी लागते. शिवाय नव्या धंद्यावर पहिले अठरा महिने सरकारी देखरेख असते आणि विमा कंपन्याही तो इतिहास पाहतात. एका तासाच्या घाईची किंमत पुढे कित्येक महिने मोजावी लागते ती अशी.

हाच चालक सहा वाजता घरूनच गुदामाला दूरध्वनी करता आणि माल साडेनऊच्या आत चढणार नाही, हे विचारून घेता, तर त्याने कामाची नोंद नऊला सुरू केली असती. माल तोच, रस्ता तोच, वेगही तोच. पण चौदा तास रात्री अकरापर्यंत पुरले असते आणि दोन तास हाताशी राहिले असते. गुदामाने मागाहून फसविले, तरी हिशोबाला वाव आहे. अशा वेळी निघतानाच दलालाला स्पष्ट कळवावे, की आठला सुरक्षित जागी गाडी उभी राहील, दहा तासांची विश्रांती होईल आणि माल उद्या सकाळी हॉब्जच्या सहा वाजता दारात असेल. सकाळी दहा वाजता सांगितलेला हा उशीर दलालाला आवडणार नाही, पण तो विहिरीवर कळवून काही व्यवस्था करू शकतो. रात्री पावणेआठला तेच सांगितले, तर कोणालाच काही करता येत नाही. यावर एखादा दलाल ‘कसेही करून आजच पोहोचव’ असा आग्रह धरतो. चालकाला नियम मोडण्यास भाग पाडणे हा २०१६ सालापासून त्या देशात स्वतंत्र अपराध मानला गेला आहे, हे नव्या माणसाला बहुधा ठाऊक नसते. लेखी निरोप जपून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते.

ताशी ५५ मैलांची सरासरी कित्येकांना फार कमी वाटते. रस्त्यावरील फलक ७५ चा वेग दाखवीत असताना ५५ का धरावेत? त्याचे कारण ट्रेलरवर आहे. उघड्यावर बांधलेला माल पहिल्या पन्नास मैलांच्या आत एकदा तपासावा लागतो, आणि पुढे दर दीडशे मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल त्याप्रमाणे, साखळ्या आणि पट्टे पुन्हा आवळून पाहावे लागतात. त्यात इंधन घेणे आले, गावातील सिग्नल आले, पश्चिम टेक्ससमधला आडवा वारा आला. सैल झालेल्या साखळीतून एक लोखंडी नळ रस्त्यावर घरंगळला, तर मागून येणाऱ्या मोटारीतील माणसांचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको. ही तपासणी वेळ वाचविण्यासाठी गाळणारे चालक असतात. त्यांच्या मागून गाडी चालविण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये.

नियमांत काही सवलतीही आहेत, आणि नवा माणूस त्यांच्या ऐकीव आवृत्तीवर विसंबतो. निघताना माहीत नसलेले धुके किंवा हिमवर्षाव वाटेत आडवा आला, तर दोन तास अधिक मिळतात. रोजच्या वाहतुकीच्या कोंडीला मात्र ही सवलत नाही. मोठ्या मालमोटारीत चालकाच्या मागे झोपण्याचा कायदेशीर कप्पा असतो आणि त्यात किमान सात तास घालवून दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते. साध्या पिकअपच्या मागच्या आसनाला तो दर्जा नाही. तेथे कितीही गाढ झोप लागली, तरी विश्रांतीचे तुकडे पाडता येत नाहीत. माल उतरविल्यावर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाण्याचा प्रवास खाजगी म्हणून नोंदता येतो. मात्र पुढच्या भाड्याच्या दिशेने शंभर मैल जाऊन त्याला खाजगी म्हणणे ही शुद्ध लबाडी होय.

माल पोहोचला, तरी दिवस संपत नाही. उतरविण्यासाठी पुन्हा थांबावे लागते. मराठीत ‘खोटी होणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. त्या खोटीचे पैसे तिकडे मिळतात, पण बहुधा पहिले दोन तास सोडून, आणि तेही करारात तसे लिहिले असेल तरच. आल्याची आणि सुटल्याची वेळ बिल्टीवर लिहवून त्याखाली सही घेतली नसेल, तर मागाहून केलेली तक्रार कोणी ऐकत नाही. मालाची पोच त्याच ठिकाणी छायाचित्र काढून दलालाकडे पाठवावी. भाड्याचे पैसे अनेकदा तीस दिवसांनी येतात, आणि ते दिवस पोच मिळाल्यापासून मोजले जातात.

मग प्रश्न येतो परतीचा. हॉब्जहून ह्यूस्टनपर्यंत रिकामी गाडी हाकणे म्हणजे पावणेसहाशे मैलांचे इंधन आणि एका पूर्ण दिवसाचे तास पदरमोड करून खर्चणे. म्हणून अनुभवी चालक भाडे ठरविताना जाण्यायेण्याचे सगळे तास धरून त्यांनी रकमेला भागतो; मैलाचा दर चढा दिसला, तरी तो भुलत नाही. वारालाही येथे महत्त्व आहे. शुक्रवारी संध्याकाळी आडगावी माल उतरविला, तर सोमवारपर्यंत तेथून भाडे मिळेलच, असे नाही. नवा चालक अशा वेळी वैतागून रिकामाच घरी निघतो. जाणता चालक गुरुवारीच विचार करतो. सलग चौतीस तास विश्रांती घेतली, की सत्तर तासांचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. तेव्हा शनिवार-रविवार त्या आडगावीच, स्वस्तशा मोटेलमध्ये, काढावयाचा की शुक्रवारचे ते भाडे सोडून देऊन मोठ्या शहराकडचे थोडे कमी दराचे भाडे घ्यावयाचे, हे तो घरी पत्नीशी बोलून ठरवितो. मुलाचा वाढदिवस शनिवारी असेल, तर हॉब्जचे भाडे दुसऱ्या कोणाला तरी मिळते.