‘ओके’ आला कुठून?

फोन ठेवताना, व्यवहार पक्का करताना, पोराबाळांना होकार देताना सहज तोंडी येणारा ‘ओके’ जन्मला तो चक्क थट्टेतून.

१८३०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनच्या वृत्तपत्रांत शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवून त्यांची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’ हा त्यातलाच नमुना. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे ‘सगळं बरोबर’. त्यात ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’ घातला, आणि २३ मार्च १८३९च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ छापून आलं.

बाकीची लघुरूपं विरली, हे मात्र राजकारणाने तारलं. १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. ते किंडरहुक गावचे, म्हणून समर्थकांचे ते ‘ओल्ड किंडरहुक’. त्यांच्या नावाने ‘ओ. के. क्लब’ही निघाले. व्हॅन ब्युरेन पडले, पण प्रचारात शब्द देशभर पोचला.

हा शब्द अमेरिकेतल्या मूलनिवासी चॉक्टॉ लोकांच्या भाषेतला, अशीही समजूत बरीच वर्षं होती. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन त्याचं स्पेलिंगही चॉक्टॉ धाटणीचंच करत. अखेर १९६०च्या दशकात कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वृत्तपत्रांचे ढीग उपसून पुराव्यानिशी त्याचं मूळ शोधलं. अशी चिकाटी विरळाच.