इन्व्हर्टर घेताना: वॅटच्या आकड्यापलीकडे

वीजजोडणी नसलेल्या शेतघरासाठी इन्व्हर्टर निवडताना आधी बॅटरीचे व्होल्टेज ठरवावे. २००० वॅटच्या इंडक्शन शेगडीसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १६७ अँपिअर प्रवाह ओढावा लागतो, इन्व्हर्टरमधली घट वेगळीच. ४८ व्होल्टवर तेच काम ४२ अँपिअरमध्ये भागते. प्रवाह चौथ्या हिश्शावर आला की त्याच तारेत वाया जाणारी उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. त्यामुळे १२ व्होल्टचा मोठा इन्व्हर्टर दुकानात स्वस्त दिसला, तरी तांब्याच्या जाड केबली आणि मोठे फ्यूज ती बचत गिळतात.

खरी कसोटी मोटरची. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना साधारण एक किलोवॅट घेतो; सुरू होताना मात्र काही क्षण पाच-सहा पट प्रवाह मागतो. लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असलेला इन्व्हर्टर हा धक्का पचवतो. पण तो महाग पडतो आणि काही चालू नसतानाही वीज खातो: नुसते ३० वॅट धरले तरी दिवसाला ७२० वॅट-तास, म्हणजे जवळपास पाऊण युनिट! ट्रान्सफॉर्मर लहान ठेवणारा, उच्च वारंवारितेचा इन्व्हर्टर हलका आणि स्वस्त असतो. त्याची जादा ताकद बहुधा क्षणभरच टिकते. दिवे, पंखे, टीव्ही एवढेच चालवायचे तर तो पुरे. पंप किंवा जुना फ्रिज असेल, तर माझा कौल जड इन्व्हर्टरला. शुद्ध साइन वेव्हच्या बाबतीत मात्र तडजोड नको. चौकोनी लहरींवर मोटरी घुरघुरतात आणि जास्त तापतात.