जकात नाका गेला, आता हिशेब कोणाकडे मागायचा?

व्यापारी बांधवांनो, उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला मराठीतली ‘जकात’ कायम खटकत आली. आमच्या लेखी जकात म्हणजे फर्ज. नाक्यावर भरायची ती चुंगी. धंद्यात पडल्यावर दोन्ही भरल्या. एक खुशीने, दुसरी रांगेत उभे राहून.

नव्या पिढीने त्या रांगा पाहिलेल्या नाहीत. गाठी भरलेला टेम्पो रात्री शहराच्या वेशीवर थांबायचा, दलाल बिल्टी आणि बिल घेऊन खिडकीवर जायचा, बिलातला भाव पटला नाही की कारकून आपला भाव लावायचा. एकदा ईदच्या तोंडावर आमच्या वीस गाठी दोन दिवस अडकल्या. बिलात वार आणि मीटर यांचा घोळ होता, एवढेच कारण. त्या हंगामाचा नफा नाक्यावरच गेला.

राज्यातल्या नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली, महापालिकांची राहिली. 2010 पासून एकेका महापालिकेत तिच्या जागी एलबीटी आला. नाका नाही, व्यापाऱ्याने स्वतःच हिशेब ठेवून कर भरायचा. खिडकीवरचा कारकून आता दुकानात वह्या उलटायला येईल, या धास्तीने 2013 मध्ये मुंबई-पुण्याचे बाजार बंद राहिले. आम्हीही शटर ओढले. धास्ती खरी होती. पण आपल्यातल्या काहींना वहीच नको होती, हेही कबूल केले पाहिजे.

1 ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी रद्द झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईचेही नाके बंद पडले. गाडी थांबायची राहिली, हा फायदा नाकारता येणार नाही.

पण पालिकेच्या हातातला मोठा कर गेला. त्याची भरपाई राज्य सरकार कायद्याने देते. मुंबईला जुलै 2017 चा पहिला हप्ता 647 कोटींचा मिळाला. पूर्वी बाजार थंडावला की पालिकेची तिजोरीही आटायची, म्हणून व्यापाऱ्याचे म्हणणे ऐकले जायचे. आता पैसा मंत्रालयातून येतो. बाजारातले गटार तुंबले तर ‘निधी आलेला नाही’ हे उत्तर तयार असते. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी मात्र आपणच भरतो. मग विचारायचे कोणी?

2015 चा लोकसेवा हक्क कायदा यासाठी हाताशी ठेवावा. गटार त्याने साफ होत नाही, पण अधिसूचित दाखला किंवा परवाना ठरल्या मुदतीत द्यावा लागतो. न दिल्यास त्याच खात्यात दोन अपिले, तिसरे आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच मात्र हातात हवी.

गेल्या वर्षी गाळ्याच्या कराची नोंद मुलाच्या नावे करायची होती. एजंटने ‘खर्च’ सांगितला. आम्ही स्वतः अर्ज दिला आणि पोच मागितली. कारकुनाने दोनदा वर पाहिले, मग शिक्का मारला. मुदत टळली, तेव्हा पहिले अपील केले. पंधरा दिवसांत नोंद झाली. ती पोच अजून गल्ल्यात आहे.