*ठिबकची नळी फुटली? पट्टी बाहेरून गुंडाळू नका, जोड आतून द्या* 💧



भात निघालं, शहापूर-मुरबाडकडे भेंडी, काकडी, मिरचीचं ठिबक सुरू झालं. आता खुरपताना नळीला विळा लागणार, उंदीर-खारी कुरतडणार. नळी फुटली की आपण सायकलच्या ट्यूबची पट्टी नाहीतर चिंधी बांधतो. दोन दिवस टिकते, मग पुन्हा पिचकारी.

*आधी गळती मोजा*
फुटकी जागा बादलीवर धरा. १५ लिटरची बादली ५ मिनिटांत भरली, तर तासाला १८० लिटर पाणी वाया जातं. म्हणजे ताशी ४ लिटरच्या ४५ ड्रिपरचं पाणी! ओळीच्या शेवटची झाडं तहानलेली राहतात आणि विद्राव्य खत सोडलं असेल तर तेही तिथेच मुरतं.

*पट्टी का टिकत नाही?*
पाणी आतून बाहेर ढकलतं. बाहेरची पट्टी त्या दाबाने सुटत जाते. आतला जोड वेगळा. जॉइनरचे काटे नळीला आतून धरतात. नळी ओढली की ते आणखी रुततात.

मोठ्या पाइपातही हाच विचार असतो. तानसाचं पाणी १८९२ पासून आपल्या जिल्ह्यातून मुंबईला जातं. माणूस आत शिरेल एवढ्या मोठ्या पाइपाचा सांधा गळला, तर आतून रुंद रबरी पट्टा बसवून तो स्टीलच्या कड्यांनी ताणण्याची पद्धत जगभर वापरतात. मग पाण्याचाच दाब रबराला भिंतीवर दाबून धरतो.

*जॉइनर असा बसवा*
१️⃣ नळी १२, १६ की २० एमएम, ते बघा. जाडीही वेगवेगळी असते, म्हणून दुकानात जाताना जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या.
२️⃣ पाणी बंद करा. फाटलेला भाग दोन्हीकडून सरळ कापा. तिरका काप गळतो.
३️⃣ इनलाइन नळीत ड्रिपर आतच असतो. त्यावर काप आला तर जॉइनर अडतो. काप दोन ड्रिपरच्या मध्ये घ्या.
४️⃣ नळी कडक असेल तर टोक थोडा वेळ गरम पाण्यात धरा. काडी-लायटरने तापवू नका, नळी पातळ होऊन तिथेच फुटते.
५️⃣ दोन्ही टोकं जॉइनरच्या मधल्या कड्यापर्यंत दाबा. तेल-ग्रीस नको, नुसतं पाणी लावा.
६️⃣ शेवटची एंड कॅप उघडून पाणी सोडा. कापताना आत गेलेली माती निघून स्वच्छ पाणी आलं की कॅप लावा. हे विसरलात तर पुढचे ड्रिपर चोंदतील.

*दोन गोष्टी लक्षात ठेवा*
👉 जॉइनरमुळे आतली वाट थोडी अरुंद होते. जवळजवळ तीन-चार जोड झाले असतील तर तेवढा तुकडाच बदला. एका नवीन तुकड्याला दोनच जॉइनर लागतात.
👉 विहीर किंवा नदीवरच्या मोटारीचा काळा रोल पाइप आतल्या निपलने जोडता येतो. पण तिथे दाब जास्त, म्हणून प्रत्येक बाजूला दोन क्लिप लावा आणि त्यांचे स्क्रू समोरासमोर ठेवा. पीव्हीसी सबमेन तडकली तर हा उपाय नको. तडकलेला भाग कापून कपलर आणि सोल्यूशननेच जोडा.

उद्या सकाळी ठिबक चालू असताना प्रत्येक ओळीच्या शेवटपर्यंत एक चक्कर मारा. शेवटचा ड्रिपर पहिल्याइतकाच टपकतो का, ते बघा. पाणी कमी वाटलं तर गळती वाटेत कुठेतरी असू शकते. जागा सापडत नसेल तर ग्रुपवर फोटो टाका, आपण मिळून बघू. 🌱